मध्ययुगातली ज्ञानाची ये-जा: बगदाद, टोलेडो, तब्रीझ आणि चीन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्लामी जग, कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर उभा असलेला चीन आणि लॅटिन युरोप यांच्यात साधारण इ.स. ७५० ते १४०० या काळात काय गेलं आणि काय आलं, हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं म्हणणं आधीच सांगतो. इस्लामी जगातून युरोपात पुस्तकं गेली. इस्लामी जग आणि चीन यांच्यात मात्र वस्तू, उपकरणं आणि माणसं फिरली, पुस्तकं फारशी फिरली नाहीत. हा फरक का पडला, हाच मला या विषयाचा गाभा वाटतो. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

‘कन्फ्यूशियन समाज’ म्हणजे नेमकं कोण?

इथे प्रामुख्याने तांग, सुंग, युआन आणि मिंग राजवटींतला चीन. बौद्ध आणि ताओ पंथाचे लोक तिथे भरपूर होते. पण सरकारी अधिकारी निवडले जायचे ते बऱ्याच अंशी प्राचीन कन्फ्यूशियन ग्रंथांच्या परीक्षेतून. १३१३ मध्ये मंगोल सम्राटाने या परीक्षा पुन्हा सुरू करण्याचं फर्मान काढलं आणि चू शी या विचारवंताची भाष्यं त्यांचा पाया ठरली. शिकलेल्या माणसाने काय वाचायचं हे या परीक्षेने ठरत होतं. पुढच्या उत्तरांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवा.

तलासच्या लढाईत पकडलेल्या चिनी कैद्यांनी अरबांना कागद करायला शिकवलं, हे खरं आहे का?

गोष्ट जुनी आहे. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब अब्बासी खलिफांच्या आणि चीनच्या तांग फौजा भिडल्या, चिनी कैदी समरकंदला आले आणि त्यांनी कागदाची कला तिथे रुजवली, असं अकराव्या शतकातला सआलिबी सांगतो. पण कागद त्या भागात आधीच पोचला होता. पश्चिम चीनमधल्या दुनह्वांगजवळच्या एका टेहळणी बुरुजात सोग्दी, म्हणजे समरकंद भागातल्या, व्यापाऱ्यांची कागदावरची पत्रं सापडली, ती चौथ्या शतकाच्या सुरुवातीची आहेत. त्यातलं एक समरकंदकडेच निघालं होतं.

शिवाय त्या लढाईत पकडला गेलेला एक माणूस परत आला आणि त्याने लिहून ठेवलं. त्याचं नाव दू ह्वान. दहा-अकरा वर्षं अब्बासी मुलखात काढून तो ७६२ मध्ये व्यापारी जहाजाने ग्वांगचौला उतरला. कूफा शहरात चिनी चित्रकार आणि विणकर आहेत, असं तो नावानिशी सांगतो. कागद करणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. त्याच्या लिखाणाचे तुकडेच उरले आहेत, त्यामुळे यावरून ठाम निकाल देता येणार नाही. पण एका लढाईने एक कला जगाला दिली, यापेक्षा ती व्यापाऱ्यांच्या आणि बौद्ध भिक्षूंच्या हातून हळूहळू सरकत आली, हे मला जास्त पटतं.

पुढचा प्रवास स्पष्ट आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद होऊ लागला, बाराव्या शतकात स्पेनमधलं शातिवा त्यासाठी नावाजलं होतं, तेराव्या शतकात इटलीतलं फाब्रियानो. १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने मात्र सरकारी दस्त कागदावर करायला बंदी घातली. कातड्याच्या मानाने कागद टिकेल यावर त्याचा विश्वास नव्हता. ही सगळी वाट आपण बोलता बोलता उच्चारतो: कागदाची ‘रीम’ म्हणजे अरबी ‘रिझ्मा’, गठ्ठा. तो शब्द स्पॅनिशमध्ये ‘रेस्मा’ झाला, तिथून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्या स्टेशनरीच्या दुकानात आला.

बगदादच्या ‘बैतुल-हिकमा’मध्ये खरोखर भाषांतरांचं विद्यापीठ होतं का?

बहुधा नाही. हे ‘ज्ञानगृह’ म्हणजे खलिफाच्या राजवाड्यातलं ग्रंथालय होतं, असं आज बरेच अभ्यासक मानतात. भाषांतरं झाली ती मोठ्या प्रमाणावर खासगी आश्रयावर. वजीर, वैद्य, श्रीमंत घराणी पैसे देऊन ती करून घेत.

त्या कामाचा खरा चेहरा बघायचा असेल तर हुनैन इब्न इसहाककडे बघावं. हा नेस्टोरियन (पूर्वेकडच्या चर्चचा) ख्रिस्ती वैद्य ८७३ मध्ये वारला. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या शंभरावर ग्रंथांची यादी त्याने केली आणि कोणाचं भाषांतर कोणी, कोणासाठी, कसं केलं हे एका पत्रात नोंदवलं. गॅलेनच्या तर्कशास्त्रावरच्या एका ग्रंथासाठी तो इराक, सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त पालथं घालत अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो जवळजवळ अर्धा ग्रंथ, तोही दमास्कसला. तो एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती जमवायचा, ताडून बघायचा, मगच हात घालायचा. आपल्याकडे पाठभेद लावून संतवाङ्मयाच्या प्रती सिद्ध करणाऱ्यांना हे काम किती जिकिरीचं असतं ते सांगायला नको.

टोलेडोमध्ये भाषांतर प्रत्यक्षात कसं व्हायचं?

दोन माणसांनी मिळून. १०८५ मध्ये स्पेनमधलं टोलेडो मुसलमान राजाकडून कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाकडे आलं तेव्हा शहरात अरबी बोलणारे ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान राहत होते आणि अरबी पुस्तकं होती. वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीनाच्या आत्म्यावरच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराला जोडलेल्या अर्पणपत्रिकेत ही पद्धत सांगितली आहे: ज्यू विद्वान आवेंदाउथ अरबी वाचून शब्द न् शब्द बोलीभाषेत सांगायचा आणि दोमिंगो हा धर्माधिकारी ते ऐकून लॅटिनमध्ये उतरवायचा. म्हणजे दोन विद्वत्तेच्या भाषांमध्ये बाजारातली बोली उभी होती.

क्रेमोनाचा जेरार्ड प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथासाठी इटलीतून इथे आला आणि मरेपर्यंत, ११८७ पर्यंत, राहिला. त्याच्या शिष्यांनी केलेल्या यादीत सत्तरच्या वर ग्रंथ आहेत. त्यात इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ ‘कानून’ही आहे, जो युरोपच्या विद्यापीठांत पुढे कित्येक शतकं शिकवला गेला. जेरार्डलाही गालिब नावाच्या अरबी जाणणाऱ्या ख्रिस्ती माणसाची मदत होती. या गालिबांची नावं क्वचितच उरली आहेत. मला त्यांच्याबद्दल जास्त आपुलकी वाटते.

त्रिकोणमितीतल्या ‘साइन’ची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि मराठी वाचकाला ती सहज कळेल. धनुष्याची दोरी म्हणजे ‘ज्या’, किंवा ‘जीवा’. भारतीय गणितातला हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहायची सक्ती नसते, म्हणून त्या अपरिचित अक्षरांचं वाचन ओळखीच्या ‘जैब’ या शब्दासारखं झालं. जैब म्हणजे कपड्याची घडी, गळपट्टी; खिशासाठी आपण ऐकतो तो ‘जेब’ हाच. बाराव्या शतकातल्या भाषांतरकारांनी त्याचं लॅटिन ‘सायनस’ केलं. मराठी माध्यमाच्या जुन्या पुस्तकांत ‘ज्या’ आणि ‘कोज्या’ होत्या, त्यामुळे आपल्याकडे या शब्दाची दोन्ही टोकं आली.

अरबांनी ग्रीक ज्ञान फक्त सांभाळून युरोपला परत दिलं ना?

हे वाक्य ऐकलं की मी थांबवतो. ठेव सांभाळणारा माणूस ठेवीत भर घालत नाही. इब्न अल-हैसमने प्रकाश डोळ्यातून बाहेर पडत नाही, वस्तूवरून डोळ्यात येतो, हे प्रयोगांनी मांडलं आणि टॉलेमीच्या खगोलातल्या विसंगतींवर वेगळा ग्रंथ लिहिला. त्या विसंगती सोडवण्यासाठी इराणमधल्या मराघाच्या वेधशाळेशी जोडलेल्या नसीरुद्दीन तूसीने दोन वर्तुळांची एक रचना काढली: लहान वर्तुळ दुप्पट मोठ्या वर्तुळात आतून फिरतं आणि त्याच्यावरचा बिंदू सरळ रेषेत मागे-पुढे जातो. दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणाऱ्या इब्न अल-शातिरने चंद्राचं नवं गणित मांडलं. तूसीची रचना आणि इब्न अल-शातिरचं चंद्रगणित ही दोन्ही कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात दिसतात. ती त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेली यावर वाद आहे. तूसीच्या आकृतीची एक ग्रीक हस्तलिखित प्रत इटलीत पोचली होती, एवढं नक्की.

चीनमध्ये इस्लामी खगोलशास्त्र कधी पोचलं आणि त्याचं काय झालं?

मंगोलांमुळे पोचलं. चंगीझ खानाच्या वंशजांपैकी एक शाखा इराणवर राज्य करत होती, दुसरी चीनवर. १२५९ मध्ये इराणच्या शाखेच्या हुलागूने मराघाची वेधशाळा उभारली, तिथे चिनी पंचांग जाणणारा एक विद्वान होता आणि तूसीच्या कोष्टकांत चिनी कालगणना आली. उलट दिशेने, १२६७ मध्ये जमालुद्दीन नावाच्या खगोलज्ञाने चीनच्या शाखेच्या कुब्लाई खानाला सात उपकरणं सादर केली. त्यात एक लाकडी पृथ्वीगोल होता. चिनी राजवंशाच्या इतिहासात त्याचं वर्णन आहे: सात भाग पाणी हिरव्या रंगात, तीन भाग जमीन पांढऱ्या रंगात. १२७१ मध्ये इस्लामी खगोल कचेरी स्थापन झाली.

१२७३ मधली एक सरकारी यादी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी नोंद वाटते. त्या कचेरीतल्या अरबी-फारसी पुस्तकांत युक्लिडच्या भूमितीचे पंधरा खंड आहेत. चीनमध्ये, राजधानीच्या आसपास, युक्लिड हजर होता. त्याचं चिनी भाषांतर छापलं गेलं १६०७ मध्ये, इटालियन जेझुइट मातेओ रिची आणि चिनी अधिकारी श्यू ग्वांगची यांच्या हातून, तेही लॅटिनवरून आणि पहिल्या सहा खंडांचं. मधली ३३४ वर्षं ते पुस्तक तिथल्या शिकलेल्या माणसासाठी नसल्यासारखंच होतं.

असं का झालं? चिनी विद्वान बंदिस्त मनाचे होते का?

अजिबात नाही. ग्वो शौचिंगने १२८१ मध्ये लागू झालेल्या पंचांगात वर्षाची लांबी ३६५.२४२५ दिवस धरली. युरोपने ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तोच आकडा ३०१ वर्षांनी स्वीकारला. ही माणसं आपल्या कामात कोणापेक्षाही कमी नव्हती.

कारण वेगळं आहे. टोलेडोत अरबी पुस्तक उघडणाऱ्या पाद्र्याला ॲरिस्टॉटलचं नाव आधीच माहीत होतं. जग अनादि आहे की ईश्वराने निर्माण केलं, शरीर गेल्यावर आत्म्याचं काय होतं, हे प्रश्न मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती तिघांचेही होते. म्हणूनच ॲरिस्टॉटलवरच्या इब्न रुश्दच्या भाष्यांवरून पॅरिसमध्ये इतका वाद पेटला की १२७७ मध्ये बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. परक्याच्या उत्तराने माणूस एवढा अस्वस्थ होतो, कारण प्रश्न त्याचाही असतो.

चीनमध्ये ही सामाईक जमीन नव्हती. पंचांग काढणं हा सम्राटाचा अधिकार होता, खगोलाची कचेरी हे सरकारी खातं. इस्लामी कचेरीचा उपयोग ग्रहणं आणि ग्रहांची गणितं पडताळण्यासाठी व्हायचा. १३८२ मध्ये पहिल्या मिंग सम्राटाने तिथली कोष्टकं चिनीत आणायचा हुकूम दिला, तोही याचसाठी. कोष्टकं वापरली गेली, त्यांच्या मागची भूमिती कचेरीच्या भिंतीबाहेर पडली नाही. परीक्षेला बसणाऱ्या तरुणाला तिची गरजच नव्हती.

याचं आणखी एखादं उदाहरण आहे का?

इब्न अल-नदीमने ९८७ च्या सुमारास केलेल्या ग्रंथसूचीत वैद्य अल-राझीची एक आठवण आहे. त्याच्याकडे एक चिनी माणूस वर्षभर राहिला, पाच महिन्यांत अरबी शिकला. जायला महिना उरला तेव्हा म्हणाला, मला गॅलेनची सोळा पुस्तकं सांगा, मी उतरवून घेतो. राझीने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी शक्य तितक्या वेगाने वाचून दाखवलं आणि तो एका संक्षिप्त लिपीत त्यांच्याही पुढे लिहीत गेला. ही गोष्ट घडली असेल तर गॅलेन दहाव्या शतकाच्या आसपास चीनकडे निघाला होता. चीनमध्ये त्याचा मागमूस नाही.

शून्य आणि दशमान आकडे या तिन्ही समाजांत कसे पोचले?

भारतीय आकडे आठव्या शतकात बगदादला गेले, नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने लॅटिनमध्ये त्यांचा सविस्तर परिचय करून दिला. तो हे आकडे उत्तर आफ्रिकेतल्या बेजाया बंदरात शिकला होता, जिथे त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघत. विरोधही झाला: १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे आकडे वापरायला मनाई केली.

चीनला ते याच्याही आधी दाखवले गेले होते. गौतम सिद्ध या भारतीय घराण्यातल्या खगोलज्ञाने ७१८ मध्ये तांग दरबारासाठी नवग्रहांचं गणित चिनीत आणलं, त्यात नऊ आकडे आणि शून्यासाठी ठिपका समजावला. चिनी गणितींनी ते घेतले नाहीत. त्यांच्याकडे गणनकाड्यांची स्वतःची दशमान पद्धत होती आणि ती उत्तम चालत होती. तेराव्या शतकातली एक वस्तू मात्र मला फार आवडते. शिआनजवळ मंगोल राजपुत्राच्या वाड्याच्या अवशेषांत लोखंडी पट्ट्या सापडल्या, त्यांच्यावर अरबी आकड्यांत सहा बाय सहाचा जादूचा चौरस आहे. कुठूनही बेरीज करा, १११.

रशीदुद्दीन कोण होता?

हमदानमधल्या ज्यू घरात जन्मलेला वैद्य. पुढे मुसलमान झाला आणि इराणच्या मंगोल राजांचा वजीर झाला. तब्रीझजवळ त्याने एक वसाहत उभारली: दवाखाना, ग्रंथालय, मदरसा, कारखाने. त्याच्या जगाच्या इतिहासात चीन, भारत, ज्यू आणि फ्रँक लोक यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. चीनची माहिती त्याला बोलाद या कुब्लाईच्या दरबारातून आलेल्या मंगोल अधिकाऱ्याने पुरवली. चिनी वैद्यकाची पुस्तकं त्याने फारसीत करवून घेतली. १३१३ ची सचित्र प्रत इस्तंबूलमध्ये आहे. नाडी कशी बघायची याची चिनी पद्धत त्यात फारसीत वाचायला मिळते. इस्लामी जग आणि चीन यांच्यात पुस्तकं फारशी फिरली नाहीत, असं मी वर म्हटलं. हा माणूस त्याला मोठा अपवाद.

त्याने चिनी छपाईचंही अचूक वर्णन केलं आहे: सुंदर अक्षरात पान लिहायचं, विद्वानांनी तपासायचं, मग ते लाकडावर कोरायचं. असं केल्याने पुस्तकात चुका शिरत नाहीत, हे त्याने ओळखलं. तरीही स्वतःच्या ग्रंथांची सोय त्याने हातानेच केली: दरवर्षी एक अरबी आणि एक फारसी प्रत लिहवून घ्यायची, अशी तरतूद दानपत्रात केली. १३१८ मध्ये त्याला ठार केलं आणि वसाहत लुटली गेली.

तब्रीझमध्ये कागदी नोटा निघाल्या होत्या, हे खरं का?

खरं. १२९४ मध्ये तिजोरी रिकामी झाल्यावर इल्खान (इराणचा मंगोल राजा) गैखातूने चिनी पद्धतीच्या नोटा काढल्या. चिनी अक्षरं आणि इस्लामी कलमा एकाच कागदावर होते. दुकानं बंद पडली, बाजार ओस पडला, दंगे झाले आणि साधारण दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. चीनमध्ये त्यांच्या मागे शतकांची सवय होती. इथे फक्त हुकूम होता.

चीनमधून कोणी युरोपात गेलं होतं का?

हो. रब्बान बार सौमा. आजच्या बीजिंगजवळ वाढलेला नेस्टोरियन ख्रिस्ती भिक्षू. जेरुसलेमच्या यात्रेला निघाला, इराणमध्ये अडकला आणि १२८७ मध्ये इल्खान अरघूनचा राजदूत म्हणून युरोपात गेला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण व्हायला तेव्हा तीन वर्षं होती. नेपल्सला त्याने घराच्या गच्चीवरून आरमारी लढाई पाहिली आणि सैनिक रयतेला हात लावत नाहीत याचं त्याला आश्चर्य वाटलं. पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाला भेटला. तिथले तीस हजार विद्यार्थी त्याच्या लक्षात राहिले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड फ्रान्समधल्या आपल्या मुलखात होता, त्याने बार सौमाच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतला. रोममध्ये कार्डिनल त्याला धर्मशास्त्राचे बारीकसारीक प्रश्न विचारत राहिले आणि तो म्हणाला की मी वाद घालायला आलेलो नाही. त्याने आपला प्रवास फारसीत लिहिला होता. आज त्याचा सिरियाक संक्षेप उरला आहे.

निळी-पांढरी चिनीमाती मूळची कोणाची?

दोघांची. माती आणि भट्टी चीनमधल्या चिंगदचेनची, निळा रंग इराणचा. काशानजवळच्या कमसर खाणींतला कोबाल्ट त्यासाठी प्रसिद्ध होता आणि चिनी लोक या निळ्याला ‘मुसलमानी निळा’ म्हणत. मोठाली ताटं पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकांच्या पसंतीची होती.

दारूगोळा आणि होकायंत्र?

बारुदीचे प्रमाण सांगणारे सर्वांत जुने ज्ञात पाठ १०४४ च्या चिनी लष्करी ग्रंथातले. तेराव्या शतकात अरबी लेखक बारुदीतल्या सोऱ्याला ‘चिनी बर्फ’ म्हणतात, म्हणजे वाट शब्दातच आहे. १२६७ च्या सुमारास रॉजर बेकन फटाक्याचं वर्णन करतो. होकायंत्राचं चिनी वर्णन १०८८ च्या सुमाराचं आणि युरोपातलं शंभरेक वर्षांनंतरचं. दोघांना जोडणारा दुवा पक्का सापडलेला नाही.

‘ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा’ ही हदीस आहे ना?

प्रसिद्ध आहे, पण हदीसशास्त्राचे बहुतेक जाणकार तिची परंपरा कमकुवत किंवा बनावट मानतात. चीन म्हणजे जगाचं टोक, ही समजूत मात्र त्यातून नक्की कळते.

या देवाणघेवाणीला एवढं मोठं म्हणताना तिच्यातली हिंसा झाकली जात नाही का?

झाकू नये. टोलेडो जिंकलेलं शहर होतं. तूसीला वेधशाळा देणाऱ्या हुलागूने १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केलं होतं. त्याआधी इराणमधला इस्माइली पंथाचा अलामूत किल्ला पडला तेव्हा इतिहासकार जुवैनीने तिथल्या ग्रंथालयातून काही पुस्तकं आणि उपकरणं वाचवली आणि पाखंडी वाटलेली बाकीची जाळली. हे त्यानेच लिहिलं आहे. ८७९ मध्ये ग्वांगचौत बंडखोरांनी परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. मराघाच्या वेधशाळेबद्दल बोलताना मी बगदाद कधीच वगळत नाही.

महाराष्ट्राचा यात काही संबंध आहे का?

थोडा, पण खरा. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं तो नोंदवतो. आखातातून चीनकडे जाणाऱ्या जलमार्गाला लागून असलेली ही बंदरं. आणि दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा आहे, तो मुहंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांपासून सुरू झाला, असं परंपरा सांगते.

मग इस्लाम आणि कन्फ्यूशियसचा विचार कधी समोरासमोर आलेच नाहीत का?

मध्ययुगात पुस्तकांतून नाही. कोर्दोबाचा इब्न रुश्द ११९८ मध्ये गेला, चू शी १२०० मध्ये. दोघांनी आयुष्यभर एकेका प्राचीन गुरूवर भाष्यं लिहिली आणि एकाने दुसऱ्याचं नावही ऐकलं नव्हतं.

माणसांत मात्र ही भेट झाली. बुखाऱ्याच्या घराण्यातला सय्यद अजल्ल शम्सुद्दीन १२७४ मध्ये युन्नानचा सुभेदार झाला, त्याने तिथे मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचं मंदिरही. मुसलमान घराण्यातला सादूला १३२७ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि चिनी कवी म्हणून गाजला. अशा घरांची नातवंडं-पणतवंडं चिनीत विचार करू लागली आणि मग पुस्तकं आली. नानजिंगच्या वांग दाय्यूने १६४२ मध्ये इस्लामचं विवेचन अभिजात चिनीत, कन्फ्यूशियन परिभाषेत छापलं. पुढच्या पिढ्यांत ल्यू चर याने फारसी सूफी ग्रंथ आणि चू शीच्या परंपरेतल्या कल्पना शेजारी ठेवून लिहिलं. वांग दाय्यू प्रस्तावनेत आपल्या पूर्वजाबद्दल सांगतो: तो पहिल्या मिंग सम्राटाच्या काळात अरबस्तानातून आला होता आणि त्याने दरबारातल्या खगोलगणितातल्या चुका दुरुस्त केल्या होत्या.